उन्हात बदलणारा आकडा
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

भाईंदर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं येतात आणि त्या बाजूला खाडीच्या काठाने मिठागरं दिसतात. मिठागरवाल्याला ऊन हवंच असतं. खाडीचं पाणी आटून मीठ पिकायचं तर कडक ऊन पाहिजे. पण त्याच रस्त्याच्या कडेला विजेच्या, टेलिफोनच्या, केबलच्या पत्र्याच्या पेट्या उभ्या असतात, त्यांना ते ऊन सोसावं लागतं. मे महिन्यात बाहेर पस्तीस अंश असले तर बंद पेटीच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त गरम होतं. त्या पेट्यांमध्ये, आपल्या टीव्हीमध्ये, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये, मोबाइलच्या चार्जरमध्ये एक भाग हटकून सापडतो. त्याचं नाव रेझिस्टर. आजच्या भाषणात मी याच रेझिस्टरविषयी बोलणार आहे, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी. तापमान बदललं की त्याचं काय होतं, आणि काय होईल हे आधी कसं सांगायचं?

रेझिस्टर म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारी वस्तू. या अडथळ्याला शाळेत आपण 'रोध' म्हणायला शिकलो आणि तो ओहममध्ये मोजायला शिकलो. बाजारात मिळणारा साधा रेझिस्टर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो आणि त्याच्या अंगावर रंगीत पट्टे असतात. तपकिरी, काळा, नारिंगी असे तीन पट्टे असतील तर तो दहा हजार ओहमचा. चौथा सोनेरी असेल तर पाच टक्के इकडेतिकडे. हे कोष्टक आयटीआयच्या मुलांना पाढ्यासारखं पाठ असतं.

पण हा दहा हजारांचा आकडा कुठल्या तापमानाचा? ते हे चार पट्टे सांगत नाहीत. कारखान्याच्या माहितीपत्रकात पाहिलं तर बहुधा २५ अंश सेल्सियस लिहिलेलं असतं. म्हणजे कारखान्याने शब्द दिला तो एकाच तापमानाचा. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी काय होणार, ते आपलं आपण काढायचं. मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्या कामातला मोठा भाग हे 'आपलं आपण काढणं' हाच होता.

घरच्या घरी करण्याजोगा प्रयोग

रोध तापमानाने बदलतो हे पटवून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. जुना पिवळ्या उजेडाचा, तारेचा, शंभर वॅटचा बल्ब कुठे मिळाला तर तो घ्या. एलईडीचा चालणार नाही. बल्ब होल्डरमधून पूर्ण काढून, थंड झाल्यावर, त्याचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजा. आकडा येईल चाळीस ओहमच्या आसपास.

आता कागदावर हिशेब करा. २३० व्होल्टवर शंभर वॅट खायला त्या बल्बचा रोध किती असायला हवा? २३० चा वर्ग भागिले शंभर, म्हणजे ५२९ ओहम. मोजला चाळीस आणि हवा ५२९! दोन्ही आकडे खरे आहेत. चाळीस हा खोलीच्या तापमानाचा, आणि ५२९ हा तार साधारण २५०० अंशांपर्यंत तापून पांढरी झाल्यावरचा. तेरापट फरक पडला.

बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंड असते, म्हणून बल्बमधून पावणेसहा अँपिअर धावतात. तार तापली की प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जायचे, त्याचं उत्तर यात आहे. झिजून बारीक झालेल्या तारेला तो पहिला धक्का सोसत नसे.

असं का होतं?

धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात आणि त्यांचं वाहणं म्हणजेच वीज. धातूचे अणू मात्र आपापल्या जागी उभे असतात. संध्याकाळच्या वेळी स्टेशनच्या पादचारी पुलावर दुतर्फा माणसं शांत उभी असतील तर मधून वाट काढता येते. तीच माणसं जागच्या जागी हलायला लागली, पिशव्या इकडून तिकडे करायला लागली, तर पावलोपावली धक्के बसतात. धातू तापला की अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनला धक्के जास्त बसतात आणि रोध वाढतो.

काही पदार्थांचं उलटं असतं. सिलिकॉन किंवा काही धातूंची ऑक्साइडं घ्या. त्यांच्यात थंडीत मोकळे इलेक्ट्रॉनच मोजके असतात. उष्णता मिळाली की बांधलेले इलेक्ट्रॉन सुटून वाहायला तयार होतात. धक्के वाढतात खरे, पण वाहणाऱ्यांची संख्या त्याहून भराभर वाढते. परिणामी रोध कमी होतो. १८३३ साली मायकेल फॅरडेंना सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा प्रकार दिसला. धातूंचा सरळ प्रकार त्याआधी, १८२१ मध्ये, हंफ्री डेव्हींनी नोंदवला होता.

या गुणाचा मोठा उपयोग एका अडचणीतून सुचला. १८६० च्या सुमारास रंगून ते सिंगापूर अशी समुद्राखालून टाकायची तार जहाजाच्या पोटात वेटोळं करून ठेवली होती. ती आतल्या आत तापते आहे की काय, अशी शंका होती. तापली असती तर तिच्यावरचं आवरण मऊ पडून सगळी तार वाया गेली असती. पण वेटोळ्याच्या मध्यभागी थर्मामीटर घालून वाचायचा कसा? विल्यम सीमेन्स यांनी तारेच्या थरांमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी ठेवली, तिची टोकं बाहेर आणली आणि तिचा रोध मोजून आतलं तापमान काढलं. रोध हाच थर्मामीटर झाला. पुढे १८७१ मध्ये त्यांनी याच कामासाठी प्लॅटिनमची तार सुचवली आणि १८८७ च्या सुमारास ह्यू कॅलेंडर यांनी ती पद्धत भरवशाची करून दाखवली. आज औषधांच्या कारखान्यांत, दुधाच्या प्रकल्पांत जागोजागी प्लॅटिनमची हीच कांडी असते. शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५.

पहिली पायरी: सरळव्याज

आता मुख्य मुद्दा. तापमान दिलं तर रोध किती, हे सांगणारं गणित मांडायचं. शास्त्रज्ञ याला मॉडेल म्हणतात. आपण त्याला 'नमुना' म्हणू.

सगळ्यात सोपा नमुना म्हणजे सरळव्याज. मूळ रोध ही मुद्दल, तापमानातली वाढ म्हणजे मुदत आणि प्रत्येक धातूचा आपला एक व्याजदर. तांब्याचा दर दर अंशाला ०.३९ टक्के, वीस अंशाच्या रोधावर. दहा अंश वाढले की चार टक्के रोध वाढला. कार्बनच्या साध्या रेझिस्टरचा दर ऋण असतो, म्हणजे तो तापला की थोडा उतरतो. मेटल फिल्मच्या चांगल्या रेझिस्टरचा दर अगदी थोडा, दर अंशाला दहा लाखांत शंभर भाग. आपला दहा हजारांचा असा रेझिस्टर २५ वरून ६५ अंशांवर गेला तरी फरक पडतो चाळीस ओहमचा. ज्या महाग रेझिस्टरवर सहा पट्टे असतात, त्यांचा सहावा पट्टा हा व्याजदरच सांगतो.

या सरळव्याजावर रोजचं काम चालतं. भाईंदरच्या पूर्वेला औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलच्या भांड्यांची कामं चालतात. पॉलिशच्या मोटारी दिवसभर फिरतात. मोटार आतून किती तापली हे बाहेरून हात लावून कळत नाही, कारण तार असते आत, वार्निशच्या आवरणात. मोटार रिवायंडिंगचा जाणता कारागीर काय करतो? सकाळी मोटार थंड असताना गुंडाळीचा रोध मोजून ठेवतो. दुपारी मोटार बंद करून, वीज तोडून, लगेच पुन्हा मोजतो. सकाळी तीस अंशाला आठ ओहम होते आणि दुपारी १०.४ भरले. म्हणजे तीस टक्के वाढ. तांब्याचा हिशेब लावला तर गुंडाळी साधारण ११० अंशांवर आहे. तिचं आवरण १२० अंश सोसणाऱ्या प्रतीचं असेल तर आता फार जागा उरलेली नाही. शिवाय गुंडाळीत सगळीकडे तापमान सारखं नसतं. रोधावरून येतो तो सरासरीचा आकडा, आणि एखादी जागा त्याहून गरम असतेच. कारागिरांचा जुना ठोकताळा असा की मर्यादेपलीकडे दर दहा अंशांना आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. दोन मोजमापं आणि एक गुणाकार एवढ्यावर ही मोटार जळण्याआधी हाती सापडते.

तांब्याच्या याच दराचा संबंध आपल्या खिशाशीही येतो. हल्लीच्या अनेक इलेक्ट्रॉनिक वीजमीटरमध्ये प्रवाह मोजायला धातूची एक छोटी पट्टी असते. प्रवाह तिच्यातून गेला की तिच्या दोन टोकांत जो बारीकसा दाब निर्माण होतो, त्यावरून युनिट मोजले जातात. ही पट्टी तांब्याची असती तर काय झालं असतं? जिन्याखालची मीटरची खोली सकाळी २७ अंशांवर आणि दुपारी ४७ अंशांवर गेली, तर पट्टीचा रोध आठ टक्के वाढला असता आणि तेवढाच मीटर पुढे पळाला असता. दोन हजारांच्या बिलावर एकशेसाठ रुपये नुसत्या उकाड्याचे! म्हणून ती पट्टी मँगॅनिन नावाच्या मिश्रधातूची करतात. तांबं, मँगॅनीज आणि थोडं निकेल यांचा हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ च्या सुमारास पुढे आणला. खोलीच्या तापमानाच्या आसपास त्याचा व्याजदर जवळजवळ शून्य असतो.

दुसरी पायरी: चक्रवाढ

सरळव्याजाची हद्द कुठे संपते? बल्बचंच उदाहरण घ्या. टंगस्टनचा दर दर अंशाला ०.४५ टक्के धरून चाळीस ओहमवरून २५०० अंशांपर्यंत हिशेब केला, तर उत्तर येतं ४८६ ओहम. खरा आकडा ५२९. म्हणजे सरळ रेघ आठ टक्के कमी पडली, कारण टंगस्टनची रेघ वर जाताना थोडी वर वाकते. प्लॅटिनमची खाली वाकते. सरळव्याजाने दोनशे अंशाला १७७ ओहम यावेत, येतात १७५.९. एका ओहमचा हा फरक म्हणजे तब्बल तीन अंशांची चूक. कॅलेंडर यांनी या वाकण्यासाठी गणितात आणखी एक छोटं पद घातलं आणि काम भागलं.

थर्मिस्टरच्या बाबतीत मात्र नुसत्या डागडुजीने भागत नाही. थर्मिस्टर म्हणजे तापमान ओळखण्यासाठीच बनवलेला, धातूंच्या ऑक्साइडांचा मणी. ताप बघायच्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला तो असतो. फ्रिजमध्ये, एसीमध्ये, मोबाइलच्या बॅटरीतही असतो. नेहमीच्या वापरातल्या एका जातीचा थर्मिस्टर घेऊ. २५ अंशाला तो दहा हजार ओहमचा आणि तिथे त्याचा दर दर अंशाला वजा ४.४ टक्के. आता सरळव्याज लावून पन्नास अंशाचा रोध काढा. पंचवीस गुणिले ४.४ म्हणजे ११० टक्के घट. दहा हजारांतून अकरा हजार वजा! रोध शून्याच्याही खाली गेला. अशी वस्तू जगात नाही. प्रत्यक्षात पन्नास अंशाला त्याचा रोध सुमारे ३,६०० ओहम असतो.

इथे चक्रवाढीचा हिशेब लागतो. दर अंशाला घट होते ती मूळ दहा हजारांवर नाही, उरलेल्या रोधावर. म्हणून तो शून्याकडे सरकतो पण शून्यावर पोचत नाही. त्यात आणखी एक गोम आहे. हा दरही स्थिर नसतो. शून्य अंशाला तो ५.३ टक्के असतो, २५ ला ४.४ आणि अंगाच्या तापमानाला, ३७ ला, ४.१. दराचं हे उतरणं नीट बसवण्यासाठी तापमान सेल्सियसमध्ये न धरता केल्विनमध्ये, म्हणजे २७३ मिळवून धरतात आणि त्याचा व्यस्त घेतात. मग एकाच स्थिरांकावर हिशेब बराच जुळतो. १९६८ साली स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोघांनी समुद्राच्या पाण्याचं तापमान अचूक मोजण्याच्या गरजेतून याहून नेमकं सूत्र दिलं. त्यात तीन स्थिरांक असतात आणि ते काढायला तीन तापमानांची मोजमापं लागतात.

ही सगळी कसरत कशासाठी? तापाच्या थर्मामीटरचं पाहा. ३७ अंशाला आपला मणी ५,९९० ओहम दाखवतो आणि ३८ ला ५,७५०. एका अंशाला २४० ओहम, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाला २४. एवढा मोठा फरक मोजणं स्वस्तातल्या यंत्रालाही जमतं. थर्मिस्टर लोकप्रिय झाला तो याच संवेदनशीलतेमुळे. पण त्या ओहमवरून अंश काढणारा नमुना चुकला तर ही सगळी संवेदनशीलता चुकीच्या आकड्याच्या सेवेला लागते.

लसींच्या फ्रिजचं उदाहरण घेऊन बघू. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. समजा कोणी तापमान दाखवणारं यंत्र बनवलं. मणी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याचा आकडा घेतला, पन्नास अंशाच्या पाण्यात दुसरा घेतला आणि दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ ओढली. दोन्ही टोकांना यंत्र तंतोतंत बरोबर. तपासणीला आलेल्या माणसाने त्याच दोन तापमानांना तपासलं तर तो खूण करून जाईल. पण मधल्या भागात काय होतं? पडद्यावर २ दिसतात तेव्हा आत खरे असतात ०.७ अंश. पडद्यावर ८ दिसतात तेव्हा आत तीन. म्हणजे पडदा दिवसभर २ ते ८ दाखवतो आहे आणि लसी गोठणबिंदूच्या कडेला बसल्या आहेत. थंड पट्टीला टेकलेली एखादी बाटली गोठायला कितीसा वेळ? धनुर्वाताची, हिपॅटायटिस-बीची लस एकदा गोठली की तिचा गुण जातो, आणि पुन्हा वितळल्यावर सहज पाहणाऱ्याला ते कळतही नाही. बाळाला टोचणारी परिचारिका आपलं काम चोख करते आणि बाळ मात्र संरक्षणावाचून राहतं.

म्हणून तपासणीचा नियम असा. जिथे वापरायचं त्याच टापूत तपासायचं. २ ते ८ साठी वापरणार असाल तर २, ५ आणि ८ ला तपासा. शून्याला आणि पन्नासला बरोबर असणं तिथे उपयोगाचं नाही.

तिसरी पायरी: स्वतःच तापणारा रेझिस्टर

आतापर्यंत आपण धरून चाललो की तापमान बाहेरून येतं. पण रेझिस्टरमधून प्रवाह गेला की तो स्वतःही तापतो. पंख्याचा जुना डबा रेग्युलेटर आठवत असेल. पंखा हळू केला की तो डबा हाताला चटका देई, कारण पंख्याला न दिलेली वीज आत रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जात असे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या लोकलमध्ये घडत होती. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर १९२८ मध्ये विजेच्या गाड्या सुरू झाल्या, त्या १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. थांबलेल्या मोटारीचा रोध अगदी कमी असतो. तिला सरळ १५०० व्होल्ट दिले तर जळूनच जाईल. म्हणून गाडी सुटताना प्रवाह आधी मोठमोठ्या रेझिस्टरांमधून नेत आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून बाजूला काढत. त्यांना काम असे ते काही सेकंदांचं. तेवढ्यात ते भरपूर तापत आणि पुढच्या स्टेशनापर्यंत वाऱ्यावर निवत. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, आणि २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग पूर्णपणे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेला.

अशा रेझिस्टरसाठी नमुना मांडताना तीन गोष्टी एकत्र बांधाव्या लागतात. प्रवाहाने उष्णता किती निर्माण झाली, हवेने किती नेली आणि उरलेल्या उष्णतेने तापमान किती वेळात किती चढलं. तापमानाने रोध बदलतो, रोधाने उष्णता बदलते आणि उष्णतेने पुन्हा तापमान. हे चक्र कुठे थांबतं, ते रेझिस्टरच्या जातीवर आणि जोडणीवर ठरतं.

बल्बचं पाहा. दाब ठरलेला २३० व्होल्ट. तार तापली, रोध वाढला, प्रवाह घटला, तापणं आवरलं. हे चक्र स्वतःला सावरतं. थर्मिस्टरला ठरलेला दाब दिला तर उलटं होतं. तापला की रोध घटतो, प्रवाह वाढतो, आणखी तापतो. आवर घातला नाही तर जळतो. म्हणून थर्मिस्टरला मोजताना प्रवाह अगदी थोडा देतात. लहान मणी स्थिर हवेत दोन मिलिवॉटला साधारण एक अंश तापतो. मोजण्यासाठी एक मिलिवॉट खर्च केला तर अर्ध्या अंशाची चूक मोजणाऱ्यानेच घातली, असं होतं.

आता तिसरा प्रकार, जो आपल्या घरात असतो आणि ज्याच्याकडे आपलं लक्ष नसतं. तो म्हणजे सैल सांधा. गीझरचा प्लग सॉकेटमध्ये सैल बसला आहे, किंवा बोर्डामागचा स्क्रू ढिला झाला आहे. तो सांधाही एक रेझिस्टरच, फक्त कोणी विकत न आणलेला. त्याचा रोध धरू ०.१ ओहम. तीन किलोवॅटचा गीझर तेरा अँपिअर ओढतो. तेराचा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे सतरा वॅट उष्णता त्या एका टिचभर जागेत. सोल्डरिंगची लहान आयर्न पंचवीस वॅटची असते, यावरून कल्पना यावी.

इथे प्रवाह ठरवतो गीझर, सांधा नाही. त्यामुळे सांध्याचा रोध वाढला तरी प्रवाह कमी होत नाही, आणि उष्णता मात्र वाढते. तापल्याने पितळेच्या पकडीतली स्प्रिंग ढिली पडते, धातूवर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो. ०.१ चा ०.२ झाला की सतरा वॅटचे चौतीस होतात. सावरणारं इथे काहीच नाही. आणि एमसीबी? तो पडत नाही. त्याच्या दृष्टीने तेरा अँपिअर म्हणजे सगळं ठीक. जास्त प्रवाह गेला तर तोडणं हे त्याचं काम, बोर्डातलं तापमान त्याला दिसत नाही.

खाडीकाठच्या भाईंदरसारख्या गावात याची काळजी जास्त घ्यायला हवी. खारी, दमट हवा तांब्या-पितळेवर लवकर गंज चढवते. त्यातून मे महिन्यात बोर्ड आधीच गरम आणि एसी, फ्रिज, पंखे सगळे एकदम चालू. प्लगची पिन काळी पडली असेल, प्लास्टिक पिवळं पडून जळका वास येत असेल, प्लग उपसल्यावर पिन चटका देत असेल, तर ती वस्तू वापरायची थांबवा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या. नुसता प्लग दाबून बसवणं हा इलाज नव्हे. नवीन सॉकेटची किंमत फार नसते.

तीन प्रश्न

शाळा-कॉलेजातल्या मुलांना हे सगळं हातांनी करून पाहता येईल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दहा हजार ओहमचा थर्मिस्टर स्वस्तात मिळतो. सोबत एक मल्टिमीटर आणि साधा थर्मामीटर घ्या. थर्मिस्टरची टोकं पाण्यापासून वाचतील अशी बारीक नळीत घाला. एक आकडा बर्फाच्या पाण्यात घ्या, एक माठातल्या पाण्यात आणि एक कोमट पाण्यात. दर वेळी मणी पाण्यात दोन-तीन मिनिटं राहू द्या, कारण त्यालाही तापायला आणि निवायला वेळ लागतो. आलेखावर तीन ठिपके मांडले की रेघ सरळ नाही हे दिसेल. मग चक्रवाढीचा हिशेब बसवा आणि चौथ्या तापमानाचा आकडा आधी कागदावर लिहून ठेवा. त्यानंतरच मोजा. आधी लिहिलेला आकडा मोजलेल्या आकड्याशी जुळला तरच नमुना खरा उतरला.

मोठ्यांसाठी तीनच प्रश्न. कुठल्याही उपकरणावर आकडा दिसला की विचारावं, हा कोणत्या तापमानाचा? आपण ते वापरतो त्या टापूत तो तपासलेला आहे का? आणि ही वस्तू बाहेरच्या उन्हाने तापते आहे की स्वतःच्याच प्रवाहाने? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात आणि तपासणीच्या दाखल्यावर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर घरातच मिळेल. गीझर बंद करून, बटण बंद करून, प्लग उपसल्यावर तो किती गरम आहे ते आज रात्री एकदा बघून घ्या.